साताऱ्याहून फोर्टला: लॉ फर्ममधले चार आठवडे

मी साताऱ्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग इतिहास घेऊन बी.ए. घरात किंवा भावकीत कोणी वकील नाही. 6 ते 31 जानेवारी 2025 या चार आठवड्यांत मी मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये इंटर्न होते. अर्ज करायला घेतला तेव्हा विचारावं असं माणूस जवळ नव्हतं, म्हणून जे जसं झालं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. अशिलांची माहिती बाहेर बोलायची नाही असं मी लिहून दिलं आहे. त्यामुळे फर्मचं नाव, गावं, गट नंबर यातलं काही इथे येणार नाही.

आधी नियमाचं सांगते, कारण त्यावरून आमच्या वर्गातही गोंधळ आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. लॉ फर्ममधले आठवडे यात धरले जातात, पण प्रत्यक्ष कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी काम केलेलं असावं लागतं, आणि ती अट फर्मनं भागत नाही. ती मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत जिल्हा न्यायालयातल्या एका वकीलसाहेबांकडे बसून भागवायला सुरुवात केली होती. तिथे चेक न वटल्याच्या नोटिसा लिहिल्या, तारखा घेतल्या, साक्षीपुरावा ऐकला. ‘एकदा मुंबईचं कामही बघून ये’ हे त्यांचंच सांगणं.

12 ऑगस्ट 2024 ला मी पहिला मेल पाठवला. त्याला जोडलेला सीव्ही तीन पानांचा होता. त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘वैवाहिक स्थिती’ आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापन. आमच्याकडे बायोडाटा म्हणजे हेच. कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी तो पाहिला आणि माझ्या शेजारी बसून एका पानावर आणला. शिक्षण चार ओळींत, त्याखाली प्रत्यक्ष केलेलं काम. ‘कोर्टाचा अनुभव घेतला’ या वाक्याच्या जागी त्यांनी मला आकडे लिहायला लावले: कलम 138 च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, अकरा नोटिसांचे मसुदे, दोन दिवाणी दाव्यांची तारीखवार टिपणं. पुढे मुलाखतीत प्रश्न आले ते याच दोन ओळींवर.

दुसरी चूक मात्र निस्तरता आली नाही. वेळ वाचवायला मी एकच मेल बारा फर्मना एकदम पाठवला, आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. पाठवल्यावर दहा मिनिटांनी लक्षात आलं आणि पोटात खड्डा पडला. त्या बारांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. त्यानंतर प्रत्येक फर्मला वेगळा मेल पाठवला. त्या फर्ममध्ये कोणत्या प्रकारचं काम चालतं ते आधी वाचायचे आणि पत्रात त्यातल्या एकाच विभागाचं नाव घालायचे. ‘कोणतंही काम चालेल’ असं लिहिणं नम्रपणाचं वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यावरून तुम्हाला कुठे बसवायचं ते कळत नाही. मी ‘मालमत्ता आणि जमीन’ असं लिहायला लागले.

महिना निवडताना सुट्टीचं बघा. मे महिन्यात बहुतेकांना वेळ असतो म्हणून सगळे मे मागतात, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. ऑफिसचं काम शिकायला मिळतं, पण न्यायालय पाहायचं राहून जातं. आमची सत्र परीक्षा डिसेंबरात संपत होती, म्हणून मी जानेवारी मागितला. जानेवारीला गर्दीही कमी.

सप्टेंबरअखेर 46 मेल झाले. 31 ठिकाणांहून काहीच आलं नाही, नऊ ठिकाणी जागा भरल्या होत्या, चौघांनी फक्त शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी घेतो म्हणून कळवलं. उरल्या दोन. त्यातली एक पुढे गप्प झाली. हे आकडे देण्याचं कारण एवढंच की पंधराव्या मेलनंतर मला वाटायला लागलं होतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. रात्री मेल उघडायचे आणि काही न आलेलं पाहून फोन उलटा ठेवायचे. आईला सांगत नव्हते. ती रोज सकाळी विचारायची, ‘आलं का गं काही?’

21 ऑक्टोबरला, सोमवारी दुपारी फोन आला आणि 24 तारखेची व्हिडिओ मुलाखत ठरली. घरी रेंज टिकत नाही, म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसले. पंचवीस मिनिटं दोन मॅडम बोलत होत्या. चेक परत आल्यावर नोटीस किती दिवसांत, पैसे द्यायला मुदत किती, तक्रार कधीपर्यंत, हे आलं: तीस दिवस, पंधरा दिवस, मग एक महिना. लीज (भाडेपट्टा) आणि लायसन्स (वापरायची नुसती परवानगी) यांतला फरक अर्धामुर्धा सांगितला. नोंदणी कायद्याच्या कलम 49 वर अडकले. ‘आत्ता सांगता येत नाही, वाचून कळवते’ म्हणाले आणि रात्री खरंच वाचून आठ ओळींचा मेल केला. माझं इंग्रजी अडखळत होतं. एका मॅडमनी मध्येच विचारलं, ‘हातानं लिहिलेला जुना सातबारा वाचता येतो का?’ मी हो म्हटलं. आजोबांचा वाचायचे मी, त्यांना दिसेनासं झाल्यावर.

8 नोव्हेंबरला होकार आला आणि खरी दमछाक पुढेच झाली. फर्म म्हणाली, कॉलेजचं ना हरकत पत्र आणा, मग आम्ही पत्र देतो. कॉलेजचं कार्यालय म्हणालं, फर्मचं पत्र आणा, मग आम्ही ना हरकत देतो. यात एकोणीस दिवस गेले. शेवटी मी फर्मला विनंती केली की ‘कॉलेजच्या परवानगीच्या अधीन राहून’ असे शब्द घालून साधा मेल तरी पाठवा. त्याची प्रिंट दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची सही झाली. तुम्ही पहिल्याच दिवशी हे मागून घ्या. बाकी लागलं ते असं: बोनाफाइड, ओळखपत्राची प्रत, पॅन, रद्द केलेला चेक आणि गोपनीयतेचं हमीपत्र. हजेरीचंही कॉलेजला आधीच लेखी कळवा, 70 टक्क्यांची अट आहे.

खर्च लिहिते, कारण तो कोणी सांगत नाही. काळा कोट 1,650 रुपये, काळे बूट 900, दोन पांढरे शर्ट 1,100. विद्यार्थ्यानं गळ्याला बँड लावायचा नसतो, गाऊनही घालायचा नसतो. तो वकिलांचा पोशाख. राहायला ठाण्याला मावशीकडे होते, म्हणून भाडं आणि जेवण सुटलं, नाहीतर मला हे परवडलंच नसतं. ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचा महिन्याचा पास 215 रुपये. एसटीत आम्हा बायकांना निम्मं तिकीट, पण परतायच्या आठवडाभर आधीच भाडं वाढलं होतं.

6 जानेवारीला सीएसएमटीला उतरून चालत निघाले. ऑफिस फोर्टात, जुन्या दगडी इमारतीत, लोखंडी जाळीच्या लिफ्टचं. पहिला आठवडा पानांवर क्रमांक घालणं, अनुक्रमणिका जुळवणं, जोडपत्रांना खुणा करणं यात गेला. मला वाटत होतं की हे मला देण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून दिलंय. जेवणाच्या वेळी बाकीच्या चौघी इंटर्न इंग्रजीत भरभर बोलायच्या आणि मी डबा पटकन संपवून जागेवर येऊन बसायचे. गुरुवारी त्यातल्या एकीनंच विचारलं, ‘तुझ्या डब्यात रोज ती कसली चटणी असते?’ जवसाची. दुसऱ्या दिवशी मावशीनं मोठी डबी भरून दिली.

पानांच्या क्रमांकाचं महत्त्व दुसऱ्या आठवड्यात कळलं. फर्मचे एक क्लार्क काका तीस वर्षं उच्च न्यायालयात फायलिंग करतात. त्यांच्याबरोबर मला पाठवलं. ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच सुरू होतात तिथे, दावा दाखल केला की आधी तात्पुरता लॉजिंग नंबर मिळतो. मग न्यायालयाचं कार्यालय कागद तपासतं आणि ऑब्जेक्शनं काढतं: अमुक पान वाचता येत नाही, टंकलिखित प्रत जोडा; अनुक्रमणिकेत 84, प्रत्यक्षात 86; मराठी कागदाचं भाषांतर नाही. ती ऑब्जेक्शनं दूर होईपर्यंत पक्का नंबर पडत नाही, आणि मुदतीत दूर केली नाहीत तर नियम 986 खाली प्रकरण फेटाळलं जातं. काका खिडकीपाशी उभे राहून बोटाला पाणी लावत पानं उलटत होते. त्यांना 86 वर थांबायला क्षणही लागला नाही. ‘पोरी, निकाल वरच्या मजल्यावर लागतो,’ ते म्हणाले, ‘पण तिथवर पोचायचं तर हे आधी.’ त्या दिवसानंतर मी क्रमांक घातलेलं प्रत्येक पान पुन्हा एकदा मोजते.

कोर्टरूममध्ये पहिल्यांदा शिरले तेव्हा मान वर करून लाकडी छताकडेच बघत राहिले. इमारत 1878 सालची. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपलं प्रकरण कितवं हे बघून बसायचं. तीन दिवस बसले, आमचं प्रकरण एकदाच निघालं आणि दीड मिनिटात पुढची तारीख पडली. बाकीच्या वेळात दुसऱ्यांची प्रकरणं ऐका आणि वहीत लिहा. कॉलेजला दाखवायची इंटर्नशिप डायरी अशीच भरते. रोजची नोंद रोज केली तरच, शनिवारी आठवून लिहायला बसलं तर काही आठवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जे काम आलं त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय.

एका कंपनीला गोदामासाठी जमीन घ्यायची होती. जमीन विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे का हे पाहण्यासाठी तीस वर्षांचा शोध घेतात. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, पाहायची, सातबारे आणि फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी) लावायचे. शोधाचं शुल्क तीस वर्षांना 750 रुपये भरलेलं मी पावतीवर पाहिलं. सर्च घेणाऱ्या वकिलांनी आणलेला गठ्ठा माझ्यासमोर ठेवून मॅडम म्हणाल्या, ‘याचं भाषांतर कर. जसं आहे तसं.’

निळ्या शाईतली तलाठ्याची अक्षरं. नावापुढे वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, सज्ञान नसलेल्या मुलाचा पालक. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं होतं, पण इंग्रजीत काय म्हणायचं ते शोधून शोधून लिहावं लागलं. दोन दिवसांत चौदा उतारे झाले. शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. एका सातबाऱ्यावर कब्जेदारांची सात नावं होती आणि माझ्या भाषांतरात चारच.

‘तीन कुठे गेली?’

‘मॅडम, ती कंसात आहेत. कंस म्हणजे नाव कमी झालेलं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.’

‘मला माहीत नाही. आणि कोणत्या फेरफारानं कमी झाली?’

मी तो फेरफार बघितलाच नव्हता. जसं आहे तसं म्हणजे कंससुद्धा कागदावर यायला हवा होता. परत गठ्ठा उपसला. वडील वारल्यावर वारसनोंदीनं चार भाऊ आणि तीन बहिणींची नावं लागली होती. दोन वर्षांनी, 1998 मध्ये, दुसरा फेरफार: बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब दिला की आमचा हक्क सोडला, नाव कमी करावं. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा उल्लेख नाही.

स्थावरातला हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. फेरफार ही महसुलाची नोंद असते, तिच्यानं मालकी जात नाही की येत नाही. म्हणजे कंसातल्या त्या तीन बायकांचा हिस्सा अजून तिथे असू शकतो, आणि मी त्यांना कागदावरून काढून टाकलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी ते भाषांतर माझ्याकडूनच पुन्हा करून घेतलं, प्रत्येक कंसाखाली तळटीप घालून. नोंदणी कायद्याचं कलम 49, ज्यावर मी मुलाखतीत अडकले होते, ते मला त्या दिवशी कळलं: जो दस्त नोंदवायलाच हवा तो नोंदवला नाही तर त्यानं मिळकतीवर काही परिणाम होत नाही. फर्मनं अशिलाला कळवलं की बहिणींना, किंवा त्या नसतील तर त्यांच्या वारसांना, दस्तात सहभागी करून घ्यावं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं.

त्या रात्री ठाण्याला जेवताना मी मावशीला विचारलं, ‘आजोबा गेल्यावर तुझं आणि आईचं नाव लागलं होतं का गं सातबाऱ्यावर?’

‘लागलं असेल. मग दादानं एकदा कागद आणला होता, राखीला आले होते तेव्हा. सह्या केल्या आम्ही दोघींनी.’ ती पोळी भाजत होती. ‘का गं?’

मी नुसतंच विचारलं म्हणून सांगितलं. पण झोप लागली नाही.

चौथा आठवडा भराभर गेला. जाहीर नोटिशीचा मराठी मसुदा मी केला: हरकती असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवाव्यात, वगैरे. पेपरात छापून आलेला तो चौकोन कापून माझ्या डायरीत लावला आहे, खाली माझं नाव नसलं तरी. 31 जानेवारीला एका पार्टनर सरांनी दहा मिनिटं दिली आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: तुझं संशोधन सावकाश आहे पण नीट असतं; इंग्रजी मसुद्यात वाक्यं फार लांब होतात. असं शेवटी बोलणं होणार नसेल तर तुम्ही स्वतः वेळ मागा. मी भीत भीत मागितला होता.

प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात घ्यायला हवं होतं. मी संकोचानं बोलले नाही, मग दोनदा आठवण करून 17 फेब्रुवारीला मेलनं आलं. त्यावर तारखा आणि आठवड्यांची संख्या स्पष्ट नव्हती, तेवढ्यासाठी पुन्हा एक मेल. मानधन 6,000 रुपये 28 फेब्रुवारीला खात्यात जमा झालं. ते मिळेल असं पत्रात लिहिलेलं असेल तरच धरून चाला. बऱ्याच ठिकाणी काही देत नाहीत. पास, कपडे, प्रवास, झेरॉक्स मिळून माझे साधारण 5,400 गेले होते.

एप्रिलमध्ये डायरी कॉलेजात जमा केली. त्याआधी मावशीनंच फोन करून विचारलं होतं, ‘तू त्या दिवशी विचारलंस ते काय होतं?’ मी सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘कागद काढता येतो का तो?’

आजचा सातबारा सरकारच्या महाभूमी या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघाला, डिजिटल सहीचा. त्यात दोघींची नावं नाहीत. जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला, दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात नक्कल मिळाली. ती घेऊन मी ठाण्याला गेले आणि मावशीला वाचून दाखवली. ‘बहिणींनी स्वखुशीने आपला हक्क भावाचे लाभात सोडला’ असं त्यात आहे. तिनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा लावून स्वतः वाचलं, ओळीखाली बोट धरून.

मी अजून वकील नाही, सल्ला द्यायचा मला अधिकार नाही, हे मी तिला आणि आईला दोघींना सांगितलं आहे. साताऱ्याच्या त्याच वकीलसाहेबांची वेळ घेऊन ठेवली आहे. जायचं की नाही ते दोघी ठरवतील. आई म्हणते, दादाशी आधी बोलू. नक्कल सध्या मावशीच्या कपाटात आहे, गॅसच्या पुस्तकाच्या पिशवीत.